औषधाच्या दुकानात चिठ्ठी देताना आणि औषध घेताना

डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी आपण औषधाच्या दुकानात काउंटरवर ठेवतो, पिशवीत घातलेल्या पट्ट्या उचलतो, पैसे देतो आणि निघतो. या सगळ्याला जेमतेम दोन-तीन मिनिटे लागतात. नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणून मी बरीच वर्षे या काउंटरच्या आतल्या बाजूला उभा राहिलो आहे, आणि रुग्णाला पुढे भोवणाऱ्या कितीतरी चुका याच दोन-तीन मिनिटांत पकडता येतात, हे मी वारंवार पाहिले आहे. डॉक्टरांच्या लेखणीतून उतरलेले औषध रुग्णाच्या तोंडात जाण्यापूर्वी ते पाहणारी शेवटची जाणती व्यक्ती म्हणजे फार्मासिस्ट. त्या व्यक्तीकडून काय अपेक्षावे, तिला काय विचारावे आणि स्वतः काय तपासावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

दुकान कोणत्या आधारावर चालते

औषधांची विक्री १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनुसार होते. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले एफडीए, दुकानाला परवाना देते. गोव्यात तेथील अन्न व औषध प्रशासन संचालनालय हे काम पाहते. किरकोळ विक्रीचे परवाने सहसा नमुना २० आणि नमुना २१ अशा दोन प्रकारचे असतात आणि ते ग्राहकांना दिसतील असे दर्शनी भागात लावणे बंधनकारक असते. त्यांच्या शेजारीच फार्मासिस्टचे राज्य फार्मसी कौन्सिलचे नोंदणी प्रमाणपत्र लावलेले असावे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे, असा नियम आहे. त्यामुळे काउंटरवर मदतनीस मुलगा असला, तरी आत फार्मासिस्ट हजर आहे का, हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे आणि तो वापरताना संकोच वाटण्याचे काही कारण नाही.

दुकानाच्या पाटीवरच्या शब्दांनाही अर्थ असतो, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. जेथे फार्मासिस्ट असतो, परंतु औषध तयार करण्याची स्वतंत्र सोय नसते, त्या दुकानाने ‘केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स’ असे लिहायचे असते, आणि जेथे मिश्रणे तयार करण्याची सोय असते, तेच दुकान नियमाप्रमाणे ‘फार्मसी’ म्हणवून घेऊ शकते. बोलण्यात मात्र आपण सगळ्यांनाच ‘मेडिकल’ म्हणतो.

चिठ्ठी कशी असावी

चिठ्ठीवर डॉक्टरांची सही आणि तारीख, रुग्णाचे नाव व पत्ता, औषधाचे नाव, त्याची मात्रा आणि एकूण किती औषध द्यायचे, एवढ्या गोष्टी असल्याच पाहिजेत. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही तिच्यावर असावा. रुग्ण लहान मूल असेल, तर त्याचे वजन चिठ्ठीवर लिहून देण्याची विनंती डॉक्टरांना अवश्य करावी, कारण मुलांची मात्रा वजनावरून ठरते आणि वजन समोर असले, की फार्मासिस्टला ती पडताळून पाहता येते.

दवाखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच चिठ्ठी एकदा डॉक्टरांसमोर वाचावी. त्यासाठी काही संक्षेप लक्षात ठेवले, तरी पुरते: ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ म्हणजे दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा, ‘एचएस’ म्हणजे रात्री झोपताना, ‘एसी’ जेवणाआधी, ‘पीसी’ जेवणानंतर आणि ‘एसओएस’ म्हणजे त्रास झाला तरच. अनेक डॉक्टर १-०-१ असे लिहितात. त्यातला पहिला आकडा सकाळचा, मधला दुपारचा आणि शेवटचा रात्रीचा.

दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओवरून सल्ला घेतला असेल, तर डॉक्टरांनी सही करून पाठवलेल्या चिठ्ठीचे छायाचित्र किंवा ई-चिठ्ठी २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार चालते. मात्र अंमली द्रव्यांच्या वर्गातली आणि ‘शेड्यूल एक्स’मधली, म्हणजे नियमांतल्या त्या नावाच्या यादीतली, औषधे अशा सल्ल्यावरून लिहून देता येत नाहीत.

काही औषधे चिठ्ठीशिवाय का मिळत नाहीत

‘मागच्या वेळी याच गोळीने बरे वाटले होते, तीच द्या,’ असे म्हणत रिकामी पट्टी पुढे करणारे ग्राहक रोज भेटतात. त्यांना नकार दिला, की ते रागावतात. परंतु त्या नकारामागे नियम आहे आणि तो रुग्णाच्या भल्याचा आहे. ‘शेड्यूल एच’मधल्या औषधांच्या वेष्टनावर ‘आरएक्स’ हे चिन्ह असते आणि ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच१’ हा आणखी कडक वर्ग लागू झाला. त्यात तिसऱ्या-चौथ्या पिढीतली काही प्रतिजैविके, क्षयरोगावरची औषधे आणि अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रामाडोल यांसारखी सवय लागू शकणारी औषधे येतात. त्यांच्या वेष्टनावर ‘आरएक्स’ लाल रंगात असते आणि इशारा लाल चौकटीत छापलेला असतो. हे औषध देताना डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही दुकानदाराला तीन वर्षे जपून ठेवावी लागते. म्हणून नाव-पत्ता विचारला गेला, तर तो मोकळेपणाने सांगावा. ‘शेड्यूल एक्स’मधल्या औषधांसाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यांतली एक प्रत दुकानात राहते.

एकच चिठ्ठी कितीदा चालते, हा काउंटरवर सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. नियम सांगतो, की डॉक्टरांनी तसे स्पष्ट लिहिले नसेल, तर चिठ्ठीवरचे औषध एकदाच द्यायचे. आणि किती वेळा किंवा किती दिवसांच्या अंतराने द्यायचे, हे त्यांनी लिहिले असेल, तर त्याप्रमाणेच द्यायचे. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांच्या रुग्णांनी म्हणूनच डॉक्टरांकडून ‘दर महिन्याला, तीन महिने’ असे लिहून घ्यावे. त्याने दर वेळची ओढाताण टळते. औषध दिल्यावर दुकानदार चिठ्ठीवर दुकानाच्या नावाचा आणि तारखेचा शिक्का मारतो. चिठ्ठी खराब होते म्हणून काही जण त्याला हरकत घेतात. परंतु डॉक्टरांच्या सहीच्या वरच्या बाजूला ही नोंद करणे दुकानदारावर बंधनकारक आहे, आणि कोणते औषध कधी घेतले, याचा तो शिक्का रुग्णाजवळचा पुरावा असतो.

काउंटर सोडण्यापूर्वी

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे पाऊल हे आहे आणि नेमके तेच घाईत राहून जाते. पिशवी हातात घेतल्यावर प्रत्येक पट्टी बाहेर काढून चिठ्ठीतल्या ओळीशी ताडून पाहावी. वेष्टनावर ब्रँडच्या नावाजवळ औषधाचे मूळ नाव मोठ्या अक्षरांत छापलेले असते, ते वाचावे. त्यानंतर ताकद पाहावी, म्हणजे मिलिग्रॅमचा आकडा.

नावाच्या शेवटी येणारी अक्षरे विशेष काळजीने वाचावीत. रक्तदाबासाठी ‘टेल्मिसार्टन ४०’ लिहिलेले असताना त्याच ब्रँडची ‘एएम’ गोळी घरी गेली, तर तिच्यात अॅम्लोडिपिन हे दुसरे औषध मिसळलेले असते, आणि ‘एच’ असेल, तर लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड असते. तिन्हींची पाकिटे बहुधा एकाच रंगसंगतीची असतात. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडच्या पट्टीवरील ‘एम१’ आणि ‘एम२’ यांत मेटफॉर्मिन मिसळलेले असते आणि त्या दोन्हींतल्या ग्लिमेपिराइडचे प्रमाण एकास दोन असते. ‘एसआर’, ‘ईआर’ किंवा ‘एक्सआर’ म्हणजे औषध पोटात हळूहळू सुटणारी गोळी. ती कुटू नये, चावू नये. येथे एक गोंधळ नेहमी होतो: चिठ्ठीत मात्रेच्या जागी ‘ओडी’ लिहिले असेल, तर तो दिवसातून एकदाचा आदेश असतो, परंतु ब्रँडच्या नावाला जोडून ‘ओडी’ आले असेल, तर बहुधा तो दिवसभर पुरणाऱ्या गोळीचा प्रकार असतो.

आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळीविषयी मी प्रत्येकाला बजावून सांगतो. संधिवात आणि सोरायसिससाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते; ते चुकून रोज घेतले गेले, तर रक्तपेशी घटतात आणि जीवावर बेतते. उमेदवारीच्या काळात मी ज्या दुकानात काम करत होतो, तेथून एक आजीबाई हे औषध घेऊन गेल्या. चिठ्ठीत वार लिहिलेला नव्हता आणि आम्हीही तो विचारला नाही. पाचव्या दिवशी त्यांची सून तोंड आल्यावर लावायचे औषध मागायला आली. ‘तोंड कशाने आले?’ असा सहज प्रश्न फार्मासिस्टने विचारला आणि आजी ती गोळी रोज घेत होत्या, हा उलगडा झाला. आजींना तातडीने डॉक्टरांकडे पाठवले आणि त्या वाचल्या, परंतु तेव्हापासून ‘आठवड्यातून एकदा, कोणत्या वारी?’ हे विचारल्याशिवाय मी ते पाकीट हातातून सोडत नाही. तो वार पाकिटावर पेनाने लिहून घ्यावा. ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटांची मात्राही बहुधा आठवड्याचीच असते.

आपण आधीपासून घेत असलेल्या औषधांची यादी खिशात ठेवावी आणि ती फार्मासिस्टला दाखवावी, मग ती औषधे आयुर्वेदिक असोत किंवा सर्दीची साधी गोळी असो. पॅरासिटामॉल हे तापाच्या गोळीत असते, सर्दीच्या गोळीत असते आणि कित्येक वेदनाशामकांतही असते. तिन्ही एकदम घेणाऱ्या माणसाच्या पोटात ते नकळत तिपटीने जाते. निरोगी प्रौढालाही दिवसाला ४ ग्रॅमच्या वर ते घेता येत नाही, आणि यकृताचा त्रास असेल, तर ही मर्यादा त्याहून खाली येते.

‘त्यातलेच दुसरे देऊ का?’

लिहिलेला ब्रँड शिल्लक नसला, की हा प्रश्न येतो. ‘शेड्यूल एच’ आणि ‘एक्स’मधल्या औषधांच्या बाबतीत लिहून दिलेल्या औषधाऐवजी दुसरे देण्यास नियमांनी मनाई आहे, मग आतले द्रव्य तेच का असेना. योग्य मार्ग असा, की दुकानदाराने किंवा रुग्णाने डॉक्टरांना फोन करावा आणि त्यांनी मान्य केल्यास तशी दुरुस्ती चिठ्ठीवर करून घ्यावी. प्रत्यक्षात बदल होतात, हे मला माहीत आहे. तेव्हा निदान मूळ द्रव्य तेच, ताकद तीच आणि गोळीचा प्रकार तोच आहे, एवढे तरी डोळ्यांनी पाहावे. अपस्माराची औषधे, रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन आणि थायरॉइडची गोळी यांचा ब्रँड मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही बदलू नये, कारण तेथे मात्रेतला थोडासा फरकही शरीराला जाणवतो.

जेनेरिक, म्हणजे ब्रँडऐवजी मूळ नावाने विकल्या जाणाऱ्या, औषधांबद्दल लोकांच्या मनात विनाकारण अढी असते. त्यांनाही भारतीय औषधकोशाची तीच प्रमाणके लागू असतात आणि म्हणूनच वेष्टनावर मूळ नावापुढे ‘आयपी’ (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे हाच औषधकोश) ही अक्षरे दिसतात. प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्रांत ही औषधे ब्रँडेड औषधांपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त मिळतात, असे सरकार सांगते. दीर्घकाळ औषध घ्यावे लागणाऱ्या घराच्या महिन्याच्या खर्चात याने मोठा फरक पडतो. डॉक्टरांकडून मूळ नावाने चिठ्ठी लिहून घेतली, की तेथे अडचण येत नाही.

रुग्णालयात भरती असताना ‘औषध आमच्याच दुकानातून घ्या’ असा आग्रह अनेकदा होतो. औषध कोठून घ्यायचे, हे निवडण्याचा हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत समाविष्ट आहे, हे नातेवाइकांनी शांतपणे सांगावे.

किंमत आणि सुट्या गोळ्या

छापील किंमत सर्व करांसहित असते. तिच्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरण ठरवते, आणि बाकीच्या औषधांची छापील किंमत उत्पादकाला वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ या अॅपवर किंमत पडताळता येते.

पट्टी कापून दिली, तर त्या प्रमाणातच पैसे घ्यायचे, असे २०१३ चा औषध किंमत नियंत्रण आदेश सांगतो. दहा गोळ्यांची पट्टी ४८ रुपयांची असेल, तर तीन गोळ्यांचे १४ रुपये ४० पैशांहून अधिक होऊ नयेत. दुकानदार कापून देण्यास नाखूश असतो, कारण उरलेला तुकडा खपला नाही, तर तो त्याच्या अंगावर पडतो. आपण कापलेला तुकडा घेत असू, तर त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत आहे का, हे पाहावे, आणि नसेल, तर पूर्ण पट्टी मागून ती वाचावी व बिलावर नोंद आहे का, हे तपासावे. मुदतीचा महिना छापलेला असतो. औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालते.

बिल घ्यावेच

‘बिल नको, चार-दोन रुपये कमी करा,’ असे म्हणणाऱ्यांना मी एकच गोष्ट सांगतो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधामुळे लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. ‘कोल्ड्रिफ’ या औषधाच्या ‘एसआर-१३’ या बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के इतके आढळले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने तेव्हा या बॅचचा वापर ताबडतोब थांबवण्याचे आवाहन केले. आता विचार करा: घरातल्या कपाटात अर्धी बाटली आहे, वरचा कागद ओला होऊन निघालेला आहे आणि बिल नाही. ती बाटली कोणत्या बॅचची, हे आईने कसे ओळखायचे? पक्क्या बिलावर डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव, औषध, उत्पादक, बॅच क्रमांक आणि मुदत असते. दुकानदाराला पुरवठादारापर्यंत आणि पुरवठादाराला कारखान्यापर्यंत मागे जाण्याची वाट त्या बॅच क्रमांकातूनच मिळते. म्हणून बिल आणि चिठ्ठी एकत्र टाचून ठेवावी. औषध परत करायचे झाले, तरी बिल लागतेच. परतीबाबत प्रत्येक दुकानाची रीत निराळी असते, ती खरेदीपूर्वी विचारून घ्यावी. इन्शुलिन किंवा लस मात्र परत घेतली जात नाही आणि घेतली जाऊही नये, कारण ती आपल्या घरी कोणत्या तापमानात राहिली, याची खात्री पुढच्या रुग्णाला कोणी देऊ शकत नाही.

घरी नेल्यावर

मुलांच्या प्रतिजैविकाची पूड असलेली बाटली घेतली, तर ती कशी कालवायची, हे दुकानातच विचारावे. उकळून पूर्ण गार केलेले पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालून ती नीट हलवायची असते, आणि असे तयार केलेले औषध वेष्टनावर लिहिलेल्या दिवसांपुरतेच, अनेकदा सातच दिवस, टिकते. मोजताना बाटलीसोबतचे माप किंवा ड्रॉपर वापरावा. घरातले चमचे लहान-मोठे असतात.

इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवायचे असते. ते फ्रीजरमध्ये किंवा त्याला चिकटून ठेवू नये. एकदा गोठलेले इन्शुलिन पुन्हा पातळ झाले, तरी वापरू नये. दुकानात जाताना बर्फाची पिशवी न्यावी, ती कापडात गुंडाळावी आणि दिवसाची ही खरेदी सर्वांत शेवटी करावी. थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली दमट जागी ठेवू नये; त्या गोळ्या सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घेऊन चहासाठी निदान अर्धा तास थांबावे.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांनी आपली औषधे मूळ वेष्टनांत, बिलासह आणि मूळ नावे लिहिलेल्या चिठ्ठीसह हातातल्या सामानात ठेवावीत. अमेरिकेतली दुकाने आपल्याकडच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सहसा औषध देत नाहीत, तेथे आपले ब्रँड ओळखीचे नसतात, आणि पॅरासिटामॉललाही अॅसिटामिनोफेन म्हणतात. संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित वर्गातली औषधे नेण्यापूर्वी तेथील परवानगी घ्यावी लागते. झोपेच्या आणि तीव्र वेदनांच्या गोळ्यांबाबत हे आधीच पाहून घ्यावे.

तक्रार करायची असेल, तर

औषधाचा रंग किंवा वास बदललेला वाटला, छापील किमतीहून जास्त पैसे घेतले गेले किंवा मुदत संपलेले औषध दिले गेले, तर प्रथम औषध घेणे थांबवून डॉक्टरांना कळवावे. उरलेल्या गोळ्या, पट्टी, बाटली, खोका आणि बिल यांतले काहीही फेकू नये. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या १८०० २२२ ३६५ या निःशुल्क क्रमांकावर किंवा जिल्ह्यातल्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. तक्रारीत दुकानाचे नाव, बिलाचा क्रमांक, बॅच क्रमांक आणि काय घडले, एवढे लिहिले, की औषध निरीक्षकाला त्याच बॅचचा साठा दुकानात शोधून त्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो.